क्रूझ सुटतो, पण कोड पडत नाही

गाडी २०१७ ची पेट्रोल सेडान, पाच गिअरची, मॅन्युअल. मालक मुलुंडचे निवृत्त गृहस्थ. लेक पुण्याला असल्यामुळे कळंबोली ते किवळे हा एक्स्प्रेसवेचा पट्टा त्यांना तोंडपाठ. तक्रार एका वाक्याची: क्रूझ (क्रूझ कंट्रोल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेला वेग टिकवणारी सोय) लागतो, पण मधेच आपोआप सुटतो. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा विझतो, गाडीचा वेग उतरायला लागतो आणि पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर न्यावा लागतो. इंजिनचा पिवळा दिवा नाही, एबीएसचा नाही, एअरबॅगचा नाही. परत ‘सेट’चं बटण दाबलं की क्रूझ निमूट लागतो.

आमच्याकडे भांडुपला येण्याआधी गाडी दोन गॅरेजांत जाऊन आली होती. एका ठिकाणी स्टिअरिंगवरचा क्रूझचा स्विच बदलला, दुसऱ्या ठिकाणी क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगमधून हॉर्न, एअरबॅग आणि बटणांच्या तारा खाली आणणारी ती गुंडाळलेली पट्टी. दोन्ही भाग नवे, कंपनीचे. फॉल्ट जागच्या जागी.

क्रूझच्या तक्रारी दोन जातींच्या असतात आणि त्या पहिल्या मिनिटालाच वेगळ्या कराव्या लागतात. क्रूझ ‘लागतच नाही’ ही एक जात. त्यात स्विच, क्लॉक स्प्रिंग, फ्यूज, चाकाच्या सेन्सरकडून येणारा वेगाचा सिग्नल यांच्यावर संशय रास्त आहे. ‘लागून सुटतो’ ही दुसरी. या गाडीत सेट दर वेळी पहिल्या दाबात घेतला जात होता, आधीच्या वेगावर परत नेणारा रिझ्यूम चालत होता, वेग कमी-जास्त करणारी बटणं चालत होती. बटणाचा निरोप ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत, पोहोचतोय याचा याहून मोठा पुरावा काय हवा? क्लॉक स्प्रिंगची पट्टी तुटायला लागली की बहुतेक वेळा हॉर्न दगा देतो किंवा एअरबॅगचा दिवा लागतो. इथे दोन्ही ठणठणीत होते. स्टिअरिंग उघडायची गरजच नव्हती, आणि एअरबॅगखाली गरज नसताना हात घालू नये या मताचा मी आहे.

मुळात आजच्या गाडीत ‘क्रूझ’ नावाचा बदलता येईल असा भागच उरलेला नाही. क्रायस्लरने १९५८ च्या इम्पीरियलमध्ये ही सोय दिली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं क्रूझचा स्वतंत्र यंत्रभाग असायचा: पुढे व्हॅक्यूमचा डबा, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) ओढणारी केबल, वेगळं मॉड्यूल. आता थ्रॉटलच ईसीयूच्या हुकमाने उघडतो, त्यामुळे क्रूझ म्हणजे ईसीयूतला निव्वळ प्रोग्रॅम. तो चालू ठेवायला सगळ्यांची संमती लागते, बंद करायला एकाचा नकार पुरतो. ब्रेक, क्लच, कॅन्सल बटण, वेगाचा सिग्नल, एबीएस किंवा ट्रॅक्शन कंट्रोलची हरकत, यांतलं काहीही एक क्षणभर आलं तरी क्रूझ सुटतो, आणि सुटायलाच हवा. म्हणून या जातीच्या तक्रारीत ‘क्रूझमध्ये काय बिघडलं’ हा प्रश्न मी विचारत नाही. क्रूझला ‘थांब’ कोणी सांगितलं, एवढंच शोधतो.

आधी चालकाची उलटतपासणी

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, लावण्याआधी काकांना समोर बसवलं. पहिला प्रश्न ठरलेला: डावा पाय कुठे असतो? मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी शिकलेल्या माणसाचा पाय क्लचवर टेकलेला राहतो आणि हायवेवरही तो तिथून हलत नाही. क्लचचा स्विच पेडल जरा खाली गेलं तरी बोलतो. असे ‘फॉल्ट’ मी पाय बाजूला ठेवायला सांगून बरे केले आहेत. दुसरा संशय जाड मॅटवर. शोरूमबाहेर बसवून घेतलेल्या जाड मॅटची कड पेडलखाली जाते आणि ब्रेक पूर्ण वर येत नाही. काकांचा पाय डेड पेडलवर, म्हणजे डाव्या पायाच्या विसाव्याच्या जागी, असायचा आणि मॅट मूळची, पातळ. दोन्ही संशय मिटले.

मग विचारलं, “सुटतो तेव्हा तुम्ही काय करत असता?”

“काही नाही हो. गाडी चाललेली असते.”

“ओव्हरटेक करत असता? घाटाच्या आधी की नंतर? दिवसा की रात्री?”

थोडं थांबून ते म्हणाले, “रात्री परत येताना जास्त. आणि हो, ट्रकला मागे टाकून आपल्या लेनमध्ये आलो की सुटलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबतो ना मी ओव्हरटेकला, त्याने सुटत असेल.”

त्यांचं निदान चुकीचं होतं, पण माहिती सोन्यासारखी. ॲक्सिलरेटर दाबल्याने क्रूझ सुटत नाही. पाय काढला की गाडी पुन्हा ठरवलेल्या वेगावर येते. काही गाड्या बराच वेळ जास्त वेग ठेवला तर क्रूझ सोडतात, पण एका ट्रकपुरतं ते लागू नाही. मला त्यांच्या वाक्यातल्या दोन गोष्टी अडकल्या: रात्र, आणि ‘आपल्या लेनमध्ये आलो की’. उजवीकडे बाहेर पडताना नाही, डावीकडे परत येताना. रात्री दिवे लागलेले असतात, डावीकडे येताना शिस्तीचा माणूस डावा इंडिकेटर देतो. काका शिस्तीचे होते.

अजून एक विचारलं, मागच्या वर्षभरात गाडीला काय काय केलं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागची डावी बाजू खांबाला घासली होती, तिचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. नंतर उजव्या बाजूचा ब्रेक लाइट गेला म्हणून एका ॲक्सेसरीच्या दुकानातून एलईडी बल्ब टाकून घेतला होता. एकाच बाजूला, कारण दुसरा चालू होता. जाता जाता हेही कळलं की डावा इंडिकेटर पावसात कधी कधी भराभर लुकलुकतो. यातलं काहीही आधीच्या कुठल्याही जॉबकार्डवर नव्हतं. क्रूझच्या तक्रारीत टेललाइटचा उल्लेख कोण करणार?

रस्ता नाही, मग तपासायचं कुठे

मुंबईत क्रूझ तपासणं ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. बऱ्याच गाड्यांत क्रूझ लागायला ताशी ३० ते ४० किलोमीटरचा वेग लागतो, आणि तो टिकवून बघायला मोकळा रस्ता. एलबीएस मार्गावर संध्याकाळी दुसरा गिअर पडला तरी नशीब. काही जण गाडी लिफ्टवर उचलून चाकं हवेत फिरवतात. हे करू नये. फिरणाऱ्या चाकांखाली माणूस उभा असतो ही पहिली गोष्ट. शिवाय मागची चाकं थांबलेली आणि पुढची धावताहेत हे पाहून एबीएस स्वतःच तक्रार करतो आणि नसलेल्या बिघाडांचे कोड (कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडांचे क्रमांक) पाडून ठेवतो.

सुदैवाने ‘लागून सुटतो’ या जातीचं बहुतेक निदान गाडी उभी ठेवून होतं. क्रूझ लावायची गरजच नाही. ज्यांच्या नकाराने तो सुटतो ते सिग्नल स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे त्या क्षणी येणाऱ्या माहितीत, उभ्या गाडीतही दिसतात.

कोड वाचले. एकही साठलेला नाही. इथेच बरेच जण हात टेकतात आणि पार्ट बदलायला घेतात. ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात: एक पाय ठेवल्यावर जोडला जातो आणि ब्रेक लाइट पेटवतो, दुसरा कॉन्टॅक्ट पाय ठेवल्यावर तुटतो. ईसीयू दोन्हींकडे पाहतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर पी०५०४ पडायला हवा. नुसत्या ब्रेक स्विचच्या सर्किटच्या तक्रारीसाठी पी०५७१. पण कोड पडण्यासाठी विसंगती ठरावीक वेळ टिकावी लागते. क्रूझ सोडायला मात्र क्षणही पुरतो, कारण तिथे शंकेचा फायदा सुरक्षिततेला आहे. विसंगती इंडिकेटरच्या तालावर येऊन जात असेल तर क्रूझ सुटेल आणि कोडचा पत्ता नसेल. आमच्याकडे नेमकं तेच होतं, पण अजून ते सिद्ध व्हायचं होतं.

स्कॅनरवर फक्त तीन ओळी ठेवल्या: ब्रेक लाइट स्विच, ब्रेक पेडल स्विच, क्लच स्विच. हे महत्त्वाचं आहे. स्क्रीनवर तीस ओळी उघडल्या तर स्कॅनर एकेक विचारत फिरतो आणि प्रत्येक ओळ उशिरा ताजी होते. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. तेवढ्या वेळेपुरता बदललेला सिग्नल लांबलचक यादीत हमखास निसटतो.

इंजिन चालू, पाय पेडलपासून दूर. तिन्ही ओळी शांत. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवून पाहिला, पेडलच्या स्विचचा कपलर (वायर जोडणारा प्लग) हलवला. शांत. उजवा इंडिकेटर, काही नाही. डावा इंडिकेटर, काही नाही. मग पार्किंग लाइट लावले आणि पुन्हा डावा इंडिकेटर दिला. ‘ब्रेक लाइट स्विच’ ही ओळ बंद-चालू, बंद-चालू व्हायला लागली. बाकीच्या दोन ओळी हलल्या नाहीत. ईसीयूच्या मते कोणीतरी इंडिकेटरच्या ठेक्यावर ब्रेकला पाय लावत होतं.

स्विच काढून टाकल्यावरही ब्रेक ‘दाबलेला’

इथे ब्रेकचा स्विच बदलून मोकळं व्हायचा मोह होतो. भाग स्वस्त, बदलायला सोपा. त्याऐवजी त्याचा कपलर काढून बाजूला ठेवला. स्विच आता सर्किटमध्येच नाही. तरी ती ओळ लुकलुकत राहिली. म्हणजे व्होल्टेज स्विचमधून पुढे जात नव्हतं, ते मागून, टेललाइटकडून उलटं येत होतं.

या गाडीची रचना इथे सांगायला हवी, कारण सगळ्या गाड्यांत ती अशी नसते. पेडलच्या स्विचमधून निघालेली एकच वायर मागच्या डाव्या, उजव्या आणि काचेतल्या तिसऱ्या ब्रेक लाइटला जाते, आणि तिचीच एक फांदी ईसीयूला. ज्या नव्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल प्रत्येक दिवा स्वतंत्र पेटवतं, तिथे हा खेळ असा रंगत नाही.

कपलरच्या हार्नेसकडच्या त्या वायरवर मीटर लावला. नुसता डावा इंडिकेटर दिल्यावर ठोका ६ व्होल्टच्या थोडा वर जात होता. पार्किंग लाइटसह ७ च्या पुढे. ईसीयूची उंबरठ्याची रेषा या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी. काकांची ‘रात्र’ ती हीच.

मीटरवर दिसणारं व्होल्टेज नुसतं भुताटकीचं असू शकतं, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. म्हणून त्याच जागी टेस्ट लॅम्प लावला. तो मंद, पण ठेक्यात पेटला. खरा करंट येत होता. तेवढ्यात मागे उभा असलेला आमचा पोरगा ओरडला, “उजवा ब्रेक लाइट बघा, डाव्या इंडिकेटरबरोबर मिणमिणतोय!” टेस्ट लॅम्प काढून शटर अर्धं खाली ओढलं आणि पाहिलं. तो नवा एलईडी बल्ब अंधारात स्पष्ट लुकलुकत होता. उन्हात हे कुणाला दिसणार नव्हतं.

आता फक्त डाव्या टेललाइटची अर्थिंग, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट, तपासायची उरली. इंडिकेटर आणि पार्किंग लाइट चालू ठेवून, डाव्या होल्डरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं. ठोक्याला ७ व्होल्टच्या वर. उजव्या बाजूला हाच आकडा ०.०५. चांगल्या अर्थवर ०.१, फार तर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप, म्हणजे वाटेत अडणारं व्होल्टेज, नको. मग मीटरचं एक टोक डिकीतल्या अर्थच्या लगवर (वायरच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची कडी) आणि दुसरं त्याच्या बोटभर बाजूला, पत्र्यावरचा रंग खरवडून. तिथेही जवळपास तेवढाच ड्रॉप. वायर निर्दोष, जोड खराब.

बोल्ट उघडल्यावर कारण समोर आलं. डेंटिंगच्या वेळी तो पत्रा रंगवला होता आणि लग रंगावरच बसवून बोल्ट आवळला होता. संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांमधून, तोही अर्धामुर्धा. त्यात टेललाइट परत बसवताना गॅस्केट एका कोपऱ्यात दुमडलं होतं, पावसाचं पाणी तिथून झिरपत होतं आणि लगवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत अशा जोडाला एक पावसाळा खूप झाला.

दोन दोष, दोघेही एकेकटे गरीब

गोष्ट नीट लावली तर अशी. डाव्या इंडिकेटरच्या २१ वॉटच्या करंटला जमिनीकडे नीट वाट मिळेना. त्यामुळे त्या होल्डरची अर्थ पट्टी शून्यावर न राहता ६-७ व्होल्टवर उचलली गेली. डाव्या ब्रेक लाइटचा फिलामेंट त्याच पट्टीला जोडलेला आहे. फिलामेंटला दिशा नसते. व्होल्टेज त्याच्यातून उलटं चढून ब्रेकच्या वायरवर गेलं आणि तिथून ईसीयूकडे.

पण मग डेंटिंगनंतर लगेच क्रूझ का सुटायला लागला नाही? याचं उत्तर उजव्या बाजूला होतं. तिथे मूळचा २१ वॉटचा फिलामेंट बल्ब असताना ब्रेकच्या वायरला त्याच्यातून जमिनीकडे मोकळी वाट होती. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही आत असतो, त्यामुळे उलटं आलेलं व्होल्टेज तो तिथल्या तिथे गिळून टाकायचा. एलईडी बल्ब या व्होल्टेजला नाममात्र करंट घेतो. त्याने ती वाट बंद केली आणि वायर वर तरंगायला लागली.

हा नुसता तर्क राहू नये म्हणून अर्थ दुरुस्त करण्याआधी मुद्दाम एलईडी काढून तिथे साधा बल्ब लावून पाहिला. ब्रेकच्या वायरवरचा ठोका ७ वरून ३ व्होल्टच्या आसपास उतरला आणि स्कॅनरवरची ओळ गप्प झाली. मग एलईडी परत लावला, ओळ परत लुकलुकली. त्यानंतर एका जाड वायरने डाव्या होल्डरची अर्थ थेट चांगल्या पत्र्याला जोडली, तेव्हा एलईडी असूनही ओळ गप्प. कुठलाही एक दोष काढला तरी लक्षण जातं. म्हणूनच अशा केसमध्ये एखादा बल्ब बदलून ‘झालं’ म्हणणारा मेकॅनिक खोटारडा ठरत नाही, पण गाडी अर्धीच दुरुस्त झालेली असते. डावा ब्रेक लाइट मंदच राहिला असता, आणि मागच्या ट्रकवाल्यासाठी ते क्रूझपेक्षा कितीतरी गंभीर.

दुरुस्तीत सांगण्यासारखं फार नाही. लगखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, वायरवर नवा लग दाबून बसवला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावली. आधी नाही, नंतर. नवं गॅस्केट बसवलं. उजवीकडे मूळ वॉटचा साधा बल्ब. तीच मापं पुन्हा घेतली: डावीकडचा ड्रॉप ०.०४ व्होल्ट, ब्रेकची वायर शून्यावर. लोखंडी पत्रा उघडा पडला होता म्हणून लगभोवती प्रायमर फिरवला, लगखाली नव्हे.

रस्त्यावरची चाचणी रात्री अटल सेतूवर घेतली. जानेवारी २०२४ मध्ये हा २१.८ किलोमीटरचा पूल सुरू झाल्यापासून आमच्यासारख्यांची सोय झाली आहे: कारला १०० ची मर्यादा, मधे सिग्नल नाही, रिक्षा-दुचाकी नाहीत. काका चालवत होते, मी शेजारी स्कॅनर घेऊन. शिवडीहून चढल्यावर ८० ला क्रूझ लावला आणि लेन मोकळी पाहून डावीकडे-उजवीकडे इंडिकेटर देत चिर्ल्यापर्यंत गेलो. क्रूझ सुटला नाही. येताना काकांनी एकदा ब्रेकला पाय लावून पाहिला, तेव्हा लगेच सुटला. ही चाचणी विसरू नये. न सुटणारा क्रूझ हा सुटणाऱ्यापेक्षा वाईट फॉल्ट आहे.

परतल्यावर काकांनी विचारलं, आधी काढलेला स्विच आणि क्लॉक स्प्रिंग चांगलेच असतील तर ते पुन्हा बसवून नवे परत करता येतील का? इलेक्ट्रिकल भाग एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही, आणि नव्या क्लॉक स्प्रिंगशी स्टिअरिंग, हॉर्न, एअरबॅग सगळं व्यवस्थित चाललं होतं, म्हणून नाही म्हणालो. जुने दोन्ही भाग जपून ठेवायला सांगितले. एलईडीबद्दलही त्यांनी विचारलं. त्यांना त्याचा उजेड आवडला होता. कंपनीने फिलामेंटवर बेतलेल्या होल्डरमध्ये बाजारचा एलईडी, तोही एकाच बाजूला, मी तरी बसवून देत नाही. तो बल्ब त्यांनी खिशात टाकला आणि बिलात लग, वॉशर, गॅस्केट, बल्ब आणि मजुरी एवढंच लिहिलं.